बाई रजिस्टरात नाही, हिशेबाच्या वहीत शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या गावांच्या इतिहासावर मराठीत लेख आला की त्यात दोन वाक्ये ठरलेली असतात. तिथे 1538पासून प्रत्येक माणसाची नोंद आहे, हे एक. आणि त्या नोंदींत बायका मात्र दिसत नाहीत, हे दुसरे. पहिले अर्धेच खरे आहे. दुसरे लिहिणाऱ्याने भलतेच कपाट उघडलेले असते. तिकडे स्थायिक झालेल्या किंवा इथे बसून संगणकावर जुनी पाने चाळणाऱ्या कुणा वाचकाला या कामात हात घालावासा वाटला तर उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र जरा लांबवत आहोत.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. 1538 साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की पाद्र्याने दर रविवारी आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने लिहावीत आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. यात जन्म आणि मृत्यू कुठेच नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. बाप्तिस्म्याआधीच गेलेले मूल या वहीत येतेच असे नाही. शिवाय सुरुवातीची पाने साध्या कागदावरची. 1598मध्ये ती चर्मपत्रावर उतरवायचा आदेश निघाला, पण त्यात ‘विशेषतः एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासून’, म्हणजे 1558पासून, अशी पळवाट होती. नकलणाऱ्यांनी ती घेतली. म्हणून असंख्य गावांची रजिस्टरे 1558पासून सुरू होतात आणि आधीची 20 वर्षे गायब असतात.

आता या रजिस्टरात बाई कशी दिसते ते पाहा. बाप्तिस्मा: ‘मेरी, जॉन टर्नरची मुलगी’. आईचे नाव नाही. दफन: ‘जॉन टर्नरची बायको’. तिचे स्वतःचे नावही नाही. नवरा आधी गेला असेल तर ‘विडो टर्नर’ किंवा ‘गुडी टर्नर’. गुडी हे गुडवाइफचे बोलीतले रूप. एकाच जॉनने दोन लग्ने केली असतील तर कोणती मुले कुठल्या बायकोची, हे फक्त दफनाची आणि दुसऱ्या लग्नाची तारीख शेजारी ठेवून कळते. 1813पासून छापील फॉर्म आले, एका पानावर आठ नोंदी. त्यात मुलाचे नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, बापाचा हुद्दा किंवा धंदा असे रकाने आहेत. आईचे नाव आले, माहेरचे आडनाव मात्र नाही आणि तिच्या कामाला रकानाच नाही. 29 सप्टेंबर 1883 रोजी वॉंटेजच्या पॅरिश चर्चमध्ये पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला तो या फॉर्मच्या काळात. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटले, त्या 25 वर्षांच्या विदुषीच्या विद्येसाठी त्या छापील पानावर जागा नव्हती.

दोन अपवाद जरूर लक्षात ठेवावेत. यॉर्कशरमध्ये 1770च्या दशकापासून विल्यम डेड या पाद्र्याच्या पद्धतीने भरलेली काही रजिस्टरे आहेत, आणि डरॅमच्या बिशपच्या हद्दीत 1798 ते 1812 या काळातली तिथल्या बिशप बॅरिंग्टनच्या पद्धतीची. यांत आईचे माहेरचे आडनाव, तिच्या बापाचे नाव, कधी त्याचा धंदाही मिळतो. तुमचे गाव या पट्ट्यात असेल तर नशीब. 1813 उजाडले, सरकारी फॉर्म आले आणि ही चांगली रीत बंद पडली.

लग्नाच्या नोंदीत खरा फरक पडला तो 25 मार्च 1754पासून. लॉर्ड हार्डविकच्या कायद्याने वधू आणि वर दोघांची सही किंवा सहीऐवजी काढतात ती फुलीची खूण, शिवाय दोन साक्षीदार सक्तीचे झाले. बाईच्या हातची म्हणून खात्रीने सांगता येईल अशी खूण अनेक गावांत पहिल्यांदा इथेच सापडते. त्या सुमारास साधारण 60 टक्के पुरुष सही करत आणि 40 टक्क्यांहून कमी बायका. पण फुली काढली म्हणजे निरक्षर, हा निष्कर्ष काढू नये. तिथे वाचायला आधी शिकवत, लिहायला नंतर, आणि लिहिणे शिकायच्या आत मुलीची शाळा सुटलेली असे. साक्षीदारांची नावेही वाचावीत. ती पुष्कळदा नवरीच्या बहिणीची किंवा मैत्रिणीची असतात. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये होई, म्हणून नवऱ्याच्या गावात लग्न सापडले नाही तर आजूबाजूची पाचसहा गावे पाहावीत.

तारखेची एक चूक तर बाईची अब्रूच घेते. 1751पर्यंत इंग्लंडचे कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. जून 1700मध्ये लग्न आणि फेब्रुवारी 1700मध्ये मुलाचा बाप्तिस्मा दिसला की घाईने लिहिणारा ‘मूल लग्नाआधीचे’ असे ठोकून देतो. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1701चा असतो. टिपण करताना 1 जानेवारी ते 24 मार्च या काळातली प्रत्येक तारीख 1700/01 अशी दुहेरी लिहावी.

एवढ्या अडचणी असूनही रजिस्टरांतून काढता येते ते थोडे नाही. डेव्हनमधल्या कोलिटन गावाची कुटुंबे नोंद नोंद जोडून इतिहासकार ई. ए. रिगली यांनी 1966मध्ये उभी केली. पहिल्या लग्नाच्या वेळी तिथल्या बायकांचे सरासरी वय 1560 ते 1646 या काळात 27 वर्षे निघाले आणि 1647 ते 1719मध्ये 29.6. नंतर ते उतरत 1770 ते 1837मध्ये 25.1वर आले. तिशीला टेकलेली नवरी ही तिथली रीत होती. त्याआधीची दहाबारा वर्षे ती बहुधा कुणाच्या तरी घरी चाकरी करत असे किंवा हाताने काही कमावत असे. कोलिटन-हॉनिटन पट्ट्यात लेस विणण्याचे काम होते. मग ही बारा वर्षे कुठल्या कागदावर आहेत? रजिस्टरात तर नाहीतच.

ती पैशाच्या कागदांवर आहेत. जिथे कुणाला पैसे द्यावे किंवा घ्यावे लागले, तिथे बाईचे नाव लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. 1601च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपले गरीब पोसण्याची जबाबदारी टाकली आणि त्यासाठी घरपट्टीसारखा कर बसवला. तो गोळा करणारे आणि वाटणारे ते ओव्हरसीअर. त्यांची वही ईस्टर ते ईस्टर चाले. पान उघडले की विधवांना आठवड्याचे ठरलेले पैसे, कुणाच्या लेकीला झग्याचे कापड, जोडे, जळणाच्या मोळ्या. पण खरी मौज दुसऱ्या बाजूला आहे. आजाऱ्यापाशी रात्रभर बसल्याबद्दल, बाळंतपण केल्याबद्दल, अनाथ पोर सांभाळल्याबद्दल, प्रेताला आंघोळ घालून ते नीट करून ठेवल्याबद्दल ज्यांना पैसे दिले त्याही बायकाच, आणि पुष्कळदा त्याच विधवा. यंदा पेन्शन घेणारी पुढच्या महिन्यात सुईण म्हणून पैसे घेते. ही नावे एका तक्त्यात उतरवली की गावातली सेवाशुश्रूषा कुणाच्या जिवावर चालली होती ते समोर येते.

ही वही वाचताना बेरजा चुकतात. 12 पेन्सचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड. जुन्या पानांवर रक्कम रोमन आकड्यांत असते आणि शेवटचा एकक लांब शेपटीचा काढलेला असतो, म्हणजे iiij हे चार. तिथे नवखा माणूस शेवटचे अक्षर सोडून तीन वाचतो. नावे कधीच सुधारून लिहू नयेत. पॉली म्हणजे मेरी, पेगी म्हणजे मार्गारेट, सुकी म्हणजे सुझन. आणि ॲग्नेसचा उच्चार ॲनिस होई, म्हणून ती ॲनच्या नावाखाली सापडते. आधी कागदावर आहे तसे उतरवून घ्यावे, ओळख पटवण्याचे काम शेवटी.

याच पेटीत आणखी एक कागद मिळतो. आमच्या मते गरीब इंग्लिश बाईच्या तोंडची हकिगत त्याच्याइतकी जवळून दुसऱ्या कुठल्याही कागदात ऐकू येत नाही. 1662च्या कायद्याप्रमाणे प्रत्येकाची एक हक्काची पॅरिश असे. मदत तिथेच मिळायची. परगावची बाई मदत मागायला आली, किंवा मागेल अशी भीती वाटली, की तिला दोन न्यायाधीशांपुढे उभे करत. प्रश्न ठरलेले. जन्म कुठे? पहिली चाकरी कुठे, कुणाकडे, किती पगारावर? पूर्ण वर्ष केली का? लग्न कुठल्या चर्चमध्ये, कधी? नवऱ्याचे हक्काचे गाव कोणते? मुले किती, कोणत्या वयाची? उत्तरे कारकून लिही, खाली तिची फुली. अर्ध्या पानात तिची पंचवीस वर्षे येतात. ‘पूर्ण वर्ष’ का विचारत? लग्न न झालेल्या चाकराने एक वर्षाच्या कराराने पूर्ण वर्ष काम केले तर त्या गावचा हक्क लागे. म्हणून मालक मोलकरणीला 51 आठवड्यांसाठीच ठेवत. मायकेलमसला, म्हणजे 29 सप्टेंबरला, करार सुरू आणि पुढच्या मायकेलमसच्या आठवडाभर आधी संपला असे दिसले की समजावे, मालक आणि ओव्हरसीअर दोघेही गणितात पक्के होते.

लग्न झाले की बाईचा हक्क नवऱ्याच्या गावाला बांधला जाई. तो वारला तर तिला मुलांसकट त्याच्या हक्काच्या गावी धाडत, तिने ते गाव जन्मात पाहिलेले नसले तरी. या नियमातून एक ओंगळ प्रकार निघाला. अविवाहित बाई गरोदर आहे आणि मुलाचा बाप परगावचा आहे असे कळले की ओव्हरसीअर स्वतःच लग्न लावून देत, कारण लग्न लागताच ती, मूल आणि दोघांचा खर्च दुसऱ्या गावाच्या बोकांडी बसे. हिशेबाच्या वहीत हे लग्न ओळखू येते: लग्नाच्या लायसन्सची फी, अंगठी, नवऱ्यावर पहारा ठेवणाऱ्या माणसाची मजुरी, खाणावळीत जेवण आणि बिअर, सगळे एकापाठोपाठ, एकाच तारखेला. रजिस्टरात त्याच दिवशी अगदी सभ्य लग्न नोंदलेले असते. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही. आणि बाईला हलवल्याचा हुकूम एका गावाच्या पेटीत नसला तर दुसऱ्या गावाच्या पेटीत शोधावा. त्याची प्रत दोन्हीकडे जाई. भांडण झाले असेल तर तिमाही न्यायसभेच्या दप्तरातही.

दफनाच्या बाबतीतही पैशानेच बाईला उजेडात आणले. लोकरीचा धंदा तगावा म्हणून 1666 आणि 1678च्या कायद्यांनी प्रेत लोकरी कापडातच पुरायची सक्ती केली. मोडल्यास 5 पौंड दंड. लोकरच वापरली असे आठ दिवसांत शपथेवर सांगावे लागे. शपथ घेणारी पुष्कळदा प्रेत गुंडाळणारी बाईच असे आणि रजिस्टराच्या समासात किंवा वेगळ्या वहीत तिचे नाव येते. ज्या गावात मेलेल्या बाईचे नाव ‘अमक्याची बायको’ असे आहे, तिथे तिला गुंडाळणारीचे नाव मात्र पूर्ण आहे.

आणखी मागे जायचे तर जहागिरीच्या न्यायसभेच्या गुंडाळ्या, म्हणजे गुंडाळून ठेवलेली तिची दप्तरे. बिअर गाळून विकणाऱ्यांना ठरल्या दराचा नियम मोडल्याबद्दल दंड होई. दंड इतका नेमाने होई की तो परवान्याच्या फीसारखाच होता. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या ब्रिगस्टॉकच्या 1348च्या आधीच्या गुंडाळ्यांत या धंद्यात बायकाच बायका आहेत. इथे सापळा असा की काही ठिकाणी कारकून गाळणाऱ्या बायकोऐवजी दंड भरणाऱ्या नवऱ्याचे नाव लिहितो. एखादी बाई दहा वर्षे दिसून अचानक नाहीशी झाली तर ती मेली असे धरू नये. तिचे लग्न झाले का ते पाहावे. 1662 ते 1689 या काळात चुलीमागे वर्षाला 2 शिलिंग कर होता. त्याच्या याद्यांत विधवा घरधनीण म्हणून येतात, पण अनेकदा माफी मिळालेल्यांच्या यादीत. नुसती कर भरणाऱ्यांची यादी नकलून घेतली तर त्या निसटतात.

चर्चच्या कारभाऱ्यांचे हिशेब वाचायला सर्वांत मजेचे. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी-मंगळवारी हॉकटाइडला बायका रस्त्यात पुरुषांना दोरीने अडवत आणि पैसे घेऊन सोडत. दुसऱ्या दिवशी पुरुषांची पाळी. पैसा चर्चच्या निधीत जाई. रेडिंगच्या सेंट लॉरेन्स चर्चच्या वह्यांत दोन्ही बाजूंची कमाई वेगवेगळी मांडली आहे आणि बायकांची जास्त आहे. डेव्हनमधल्या मोरबॅथला गावातल्या कुमारिकांचा स्वतंत्र निधी होता, त्याच्या कारभारणी त्यांच्यातल्याच, आणि पाद्री क्रिस्तोफर ट्रिकी याने 1520पासून त्यांचा हिशेब लिहून ठेवला आहे.

शहरांत तर मतापर्यंत गोष्ट गेली. लंडनच्या बिशप्सगेटजवळच्या सेंट बॉटॉल्फ पॅरिशमध्ये सेक्स्टन, म्हणजे चर्चची घंटा आणि थडग्यांची व्यवस्था पाहणारा, निवडायचा होता. सारा ब्लाय उभी राहिली. निर्विवाद मते तिला 169 आणि विरोधकाला 174. पण घरपट्टी भरणाऱ्या बायकांची 40 मते तिला आणि 22 त्याला. ती जिंकली, तो कोर्टात गेला. 1739मध्ये किंग्ज बेंच या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की बाई हे पद धरू शकते आणि त्यासाठी मतही देऊ शकते. शंभर वर्षांनी, 1843मध्ये, लिचफिल्डच्या सेंट चॅड पॅरिशच्या मतवहीत ग्रेस ब्राउन या खाटकिणीची चार मते नोंदलेली आहेत, कारण पॅरिशच्या निवडणुकीत मालमत्तेच्या मोलाप्रमाणे एकाला सहापर्यंत मते मिळत. ‘इंग्लंडमध्ये बायकांना मत 1918 साली मिळाले’ हे वाक्य पार्लमेंटपुरते ठीक आहे. गावाच्या इतिहासात ते लिहू नये.

मृत्युपत्रांविषयी थोडक्यात. 1882च्या कायद्यापूर्वी लग्न झालेली बाई नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करू शकत नसे, म्हणून सापडतात ती विधवांची आणि अविवाहितांची. 12 जानेवारी 1858पूर्वीची धर्मन्यायालयांच्या दप्तरात पाहावीत. पुरुष जमीन वाटतो. बाई चादरी, पितळी भांडी, दुसऱ्या नंबरचा झगा असे एकेक नग नाव घेऊन वाटते, भाचीला, धर्मलेकीला, शेजारणीला. तुटलेले माहेर तिथे जोडता येते.

जनगणनेत नावे 1841पासून. त्या साली 15 वर्षांवरच्यांचे वय पाचच्या पटीत खाली उतरवून लिहिले आहे, आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या बायकामुलांचा धंदा लिहिण्याची गरज नाही अशी लेखी सूचनाच होती. त्या रकान्यात रेघ दिसली तर ‘काम नव्हते’ असा अर्थ काढणे म्हणजे सूचना न वाचणे. 1911च्या फॉर्मवर विवाहितेने किती वर्षे संसार झाला, किती मुले जन्मली, किती जिवंत, किती गेली हे भरायचे होते. विधवांना हा प्रश्न नव्हता. तरी कित्येकींनी भरला आणि कचेरीत तो लाल शाईने खोडला गेला. खोडलेले आकडे वाचता येतात आणि नकलकार बहुधा ते सोडून देतात; मूळ चित्र उघडून पाहावे. दुसरे महायुद्ध सुरू होताच 29 सप्टेंबर 1939 रोजी देशभरातल्या लोकांची जी नोंदवही केली तिच्यात गृहिणीपुढे ‘बिनपगारी घरकाम’ असे आहे. ती वही पुढे 1991पर्यंत आरोग्यसेवेसाठी वापरात राहिल्याने नंतर लग्न झालेल्या मुलींची नवी आडनावे वर लिहिलेली सापडतात. लग्नाच्या दाखल्यावर मात्र वधूवरांच्या आईचे नाव यायला 4 मे 2021 उजाडले.

मुंबई इलाख्यातल्या चर्चमधली 1709पासूनची बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने लंडनला पाठवली जात. ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इंग्लंडमधल्या एखाद्या गावातून एकाएकी नाहीशी झालेली मुलगी कधी कधी तिथे, मुंबईच्या लग्नांत भेटते.

आता आपल्या पुरवणीसाठी भाषांतर करणाऱ्यांना एक विनंती. जुन्या कागदातल्या ‘मिसेस’चे ‘सौ.’ करू नये. अठराव्या शतकापर्यंत ती पदवी प्रतिष्ठेची होती, लग्नाची नव्हे. कुमारिका मिसेस असे, आणि विधवेलाही तीच, जिला आपण गं. भा. लिहिले असते. ‘स्पिन्स्टर’ सोळाव्या शतकात सूत कातणारी असू शकते, नंतर अविवाहित. ‘कझिन’ म्हणजे पुष्कळदा भाचा किंवा पुतणी. आणि मृत्युपत्रात ‘मदर-इन-लॉ’ला पलंग दिला असे आले तर लगेच सासू लिहू नये, मृत्युपत्र करणाराचे लग्न झाले होते का आणि त्याच्या बापाने दुसरी बायको केली होती का हे आधी पाहावे. त्या काळी सावत्र आईलाही तोच शब्द होता.

आपले,
पॅरिशच्या जुन्या दप्तरांचे दोन अभ्यासक